पेन्सिलीची घाई करू नकोस

बालवर्ग पहिल्यांदाच घेतेयस, म्हणून आधी हे सांगते. तीन वर्षांच्या मुलांना लगेच गिरवायला बसवू नकोस. त्या वयात मनगटाची सगळी हाडंसुद्धा तयार झालेली नसतात. कणीक मळू दे, मणी ओवू दे, चिमट्याने कापूस उचलू दे. बोटांत जोर येतो तो यातूनच. पालक विचारणारच, 'अजून अक्षरं नाहीत?' तेव्हा मुलाने स्वतः कात्रीने कापलेला वेडावाकडा कागद त्यांच्या हातात ठेव.

पाच वर्षांचं मूल आकडा उलटा काढत असेल तर लाल शाईने खोडू नकोस. बहुतेकांचं ते सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप सुटतं.

आणि प्रश्न विचारलास की थांब. मनात पाच आकडे मोज, हवं तर दहा. पहिलं वर्षभर मी हीच चूक केली. मुलं तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तयार! एकदा सांडलेलं पाणी पुसलं आणि विचारलं, 'पाणी कुठे गेलं?' त्या दिवशी घसा बसला होता, म्हणून गप्प राहिले. बऱ्याच वेळाने एक चिमुरडी फडकं पिळून बघत म्हणाली, 'बाई, हे प्यायलंय.'