मानेत जादा बरगडी निघाली, लगेच ऑपरेशन करावं का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भाऊ रावेरकडे केळी कटाईला जातो, घड वाहतो. बऱ्याच महिन्यांपासून उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर, हात वर केला की मुंग्या, रात्री कोपरापासून खाली कळ. एका डॉक्टरांनी मानेच्या मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी एक्स-रेमध्ये मानेपाशी जादा बरगडी दाखवली, चिठ्ठीवर थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम लिहिलं आणि ऑपरेशन लवकर उरकून घ्या म्हणाले. घरात निम्मे लोक ऑपरेशनच्या बाजूने, निम्मे मालिशवाल्याकडे न्यायच्या बाजूने. आता कोणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. अमळनेरला शाळेत शिकवते. हाच आजार मलाही आहे आणि त्यातून बऱ्यापैकी सावरले आहे. फळ्याच्या वरच्या ओळी लिहिताना हात इतका भरून यायचा की खडू धरवायचा नाही. तेव्हापासून या दुखण्याची माणसं भेटत गेली, त्यांचे रिपोर्ट पाहिले, डॉक्टरांना विचारत राहिले. त्यातून सांगते.

थोरॅसिक आउटलेट हा एक आजार नाही. एकाच नावाखाली तीन वेगळे आजार येतात. त्यातला कोणता, हे कळल्याशिवाय ऑपरेशनची घाई करायची की थांबायचं ते ठरवताच येत नाही. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: नसेचा (म्हणजे मज्जातंतूचा), शिरेचा की धमनीचा?

मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा आणि हाताला रक्त नेणारी धमनी मानेच्या दोन स्नायूंच्या मधून उतरतात. या स्नायूंना स्केलीन म्हणतात. त्यांच्या खाली पहिली बरगडी असते, वरून हासळीचं हाड येतं. परत येणारी मोठी शीर पुढच्या स्केलीनच्या पुढून, हासळी आणि बरगडीच्या मधल्या फटीतून जाते. जुन्या गल्लीत दोन्हीकडचे ओटे पुढे आले की गाडी घासते, तसं या जागेत काही जास्तीचं आलं की आतून जाणारी वस्तू दबते. दबलेली वस्तू नस असेल तर मुंग्या, बधिरपणा, दुखणं, ताकद जाणं. शीर असेल तर हात सुजतो, निळसर पडतो. धमनी असेल तर हात गार पडतो, बोटं पांढरी होतात.

नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण नसेच्या प्रकारातले असतात. धमनीचा प्रकार फार क्वचित, शंभरात एखादा. पण धमनीच्या प्रकारात बहुतेक वेळा हाडाची काहीतरी गडबड असते, जादा बरगडी ही त्यातली मुख्य. म्हणून तुमच्या भावाची लक्षणं नसेची वाटत असली तरी धमनीची तपासणी सोडू नका. बरगडी मोठी असेल तर धमनी तिच्यावरून जाताना घासते, पुढे फुगते, त्या फुग्यात गुठळ्या बनतात आणि सुटून बोटांत अडकतात. हात खाली आणि वर अशा दोन्ही स्थितींत डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, करतात. त्यात शंका आली तर सीटी अँजिओग्राफी.

पण नुसती जादा बरगडी दिसली म्हणून घाबरू नका. साधारण दोनशे माणसांत एखाद्याला, काही पाहण्यांत शंभरात एखाद्याला अशी बरगडी जन्मापासून असते आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. म्हणजे बरगडी आहे आणि हातही दुखतोय, एवढ्यावरून दुखण्याचं कारण बरगडीच, असं ठरत नाही. मला वाटतं, तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं निदान बरोबर असायची शक्यता बरीच आहे, पण ते अजून पक्कं झालेलं नाही.

पक्कं कसं करायचं, त्यात एक गोष्ट घरीच बघता येते. भावाला शर्टाची बाही वर करायला सांगा. डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्याने आधी करंगळीवर, मग मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या आतल्या बाजूने हळूच फिरवा. दुसऱ्या हाताशी ताडून बघा. नस कोपरापाशी दबली असेल तर करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर होते, पण मनगटाच्या वरची आतली चामडी बहुधा शाबूत असते, कारण तिची नस वेगळी आहे. थोरॅसिक आउटलेटमध्ये ती पट्टीही बधिर होऊ शकते. मनगटात नस दबणं, ज्याला कार्पल टनेल म्हणतात, त्यात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, करंगळी नाही.

मणक्याच्या गॅपचंही असंच. मानेच्या एमआरआयमध्ये बऱ्याच जणांच्या पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यामध्ये थोडी झीज निघते. पण पाचव्या-सहाव्यामधली नस अंगठ्याकडे जाते, सहाव्या-सातव्यामधली मधल्या बोटाकडे. करंगळीची नस सातव्या मणक्याच्या खालून निघते. रिपोर्टात झीज वरच्या मणक्यांत आणि बधिरपणा करंगळीत असेल तर ते जुळत नाही, हे डॉक्टरांना तोंडावर विचारायला हरकत नाही.

आणखी एक, जे आपल्या भागात विसरायचं नाही. करंगळी बधिर होण्याचं एक कारण कुष्ठरोग आहे, आणि तो आपल्याकडे अजून आढळतो. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागते का, हे डॉक्टरांना बघायला सांगा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, वेळेत सुरू केलं तर आजार पूर्ण बरा होतो. लाज धरून हे विचारायचं राहू नये. भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाचं टोकही नीट बघून घ्यायला सांगा. तिथली गाठ याच नसा दाबते. साखर आणि बी-१२ तपासणं तर साधंच आहे.

दवाखान्यात एक तपासणी करतील, तिला रूस टेस्ट म्हणतात. दोन्ही हात खांद्याइतके वर, कोपर नव्वद अंशात, तळवे पुढे, आणि तीन मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या. दुखरा हात मिनिटभरातच जड होऊन खाली येऊ लागतो, बोटं थांबतात, दुसरा चालू राहतो. ही टेस्ट उपयोगी आहे, पण एकटीवर भरवसा नको. मान वळवून खोल श्वास घ्यायला सांगतात आणि मनगटाची नाडी बंद होते का बघतात, त्या ॲडसन टेस्टचं तर अजिबात ओझं घेऊ नका. धडधाकट माणसांचीही नाडी त्यात जाते.

एनसीव्ही आणि ईएमजी, म्हणजे नसांची आणि स्नायूंची विजेवरची तपासणी, करायला सांगतील. डॉक्टरांना तंत्रज्ञासाठी चिठ्ठीतच लिहून द्यायला सांगा की मीडियल अँटिब्रेकियल क्युटेनियस नसही तपासा. ही तीच आतल्या बाजूच्या चामडीची नस, आणि नेहमीच्या तपासणीत ती बऱ्याचदा बघितली जात नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तरी आजार नाही असं समजू नका. नसेच्या प्रकारात तो नॉर्मल येणं नेहमीचं आहे. तरी करायचाच, कारण दुसरी कारणं वगळता येतात. शंका उरली तर सोनोग्राफीवर बघून स्केलीन स्नायूत भुलीचं इंजेक्शन देतात. काही वेळ हात हलका पडला तर निदानाला बळ येतं, आणि ऑपरेशनचा उपयोग होईल का याचाही अंदाज लागतो. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरीने २०१६ मध्ये नसेच्या प्रकाराचे निकष ठरवले, त्यातही हे इंजेक्शन आहे: लक्षणं १२ आठवडे तरी असावीत, आणि मानेपाशी दुखरेपणा, हातातली लक्षणं, दुसरं कारण नसणं, इंजेक्शनने फरक, या चारांपैकी तीन गोष्टी जुळाव्यात.

आता घाईचं. भावाचे दोन्ही तळवे शेजारी ठेवून उजेडात बघा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो उजव्या हाताला बसलाय का? हात पालथा करून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा खोलगट दिसते का? सदऱ्याचं बटण लावायला, कुलुपात किल्ली फिरवायला जड जातं का? यातलं काही असेल आणि निदान पक्कं झालं तर ऑपरेशन लवकर करा म्हणणारे डॉक्टर बरोबर आहेत. कारण सुकलेला स्नायू ऑपरेशननंतरही सहसा भरून येत नाही. दुखणं आणि मुंग्या कमी होतात, पण गेलेली ताकद परत येईलच असं नाही. तिथे ऑपरेशन असतं ते पुढचं नुकसान थांबवायला. धमनी फुगलेली निघाली तरी थांबायचं नाही.

हात एकाएकी सुजला, निळसर झाला, खांद्यावर आणि छातीवर शिरा उठून दिसायला लागल्या, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. बोटं पांढरीफटक, गार पडली, टोकाला काळे ठिपके आले, तर धमनी. दोन्हीत त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. चोपड्याकडच्या एका तरुणाचा हात कापसाच्या गाठोड्यांची गाडी भरल्यावर असाच सुजला होता. घरच्यांनी लचक समजून लेप लावले. शिरेतली ताजी गुठळी औषधाने विरघळवायची असेल तर पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. त्याचे तेच दिवस गेले.

मालिशवाल्याकडे, हाडवैद्याकडे नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मानेला झटका देणं, हासळीच्या वरच्या खळग्यात अंगठ्याने दाबून नस मोकळी करणं, सलूनमध्ये मान मोडून घेणं, सगळं बंद. त्याच खळग्यात नसा आणि धमनी आहे.

यातलं काहीच नसेल, म्हणजे स्नायू सुकला नाही, धमनी-शीर चांगली आहे, फक्त मुंग्या आणि दुखणं आहे, तर ऑपरेशन पुढच्या महिन्यात करायची काही गरज नाही. आधी नीट फिजिओथेरपी, निदान तीन महिने. मशीनवर शेक घेऊन परत येणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. फिजिओथेरपिस्टने पोटाने श्वास घ्यायला शिकवायला हवं, कारण छातीने वरवर श्वास घेतला की स्केलीन दिवसभर आवळलेले राहतात. मग मानेचे आणि छातीच्या पुढच्या स्नायूंचे हलके ताण, पाठीच्या फऱ्याला धरणाऱ्या स्नायूंची ताकद. डंबेल सुरुवातीला अजिबात नको. आणि ताठ बस, खांदे मागे खेच, असं घरातलं कोणी म्हणेल, तेही ऐकू नका. खांदे जोराने मागे-खाली खेचले की हासळी आणि बरगडीमधली फट आणखी अरुंद होते. मला हे फिजिओथेरपिस्टने आरशासमोर उभं करून दाखवलं. खांदे तसे ओढले की थोड्याच वेळात माझी करंगळी झिणझिणू लागायची, सैल सोडले की थांबायची. व्यायामाने मुंग्या वाढत असतील तर तो व्यायाम थांबवून दुसऱ्या दिवशी विचारायचं, दामटायचं नाही.

पण भाऊ रोज खांद्यावर २०-२५ किलोचा घड घेणार असेल तर कुठल्याच फिजिओथेरपीला यश येणार नाही. तो भार खांद्याला खाली दाबतो, मान दुसऱ्या बाजूला कलते आणि नसा वरून-खालून ताणल्या जातात. मुकादमाशी बोलून त्याला काही महिने फण्या कापणं, धुणं, खोक्यात भरणं अशा कंबरेच्या उंचीच्या कामावर घेता येईल का बघा. मजुरीत फरक पडेल, पण हात गेला तर मजुरीच जाते. पाण्याची भरलेली बादली त्या हाताने लोंबती धरायची नाही. रात्री हात डोक्याखाली घेऊन किंवा त्या कुशीवर झोपायचं नाही. नसेच्या दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये.

ऑपरेशनची वेळ आलीच तर ते कोण करणार हे फार महत्त्वाचं. रक्तवाहिन्यांचे सर्जन, छातीचे सर्जन, काही ठिकाणी नसांचं काम करणारे न्यूरो किंवा प्लास्टिक सर्जन हे करतात. हासळीच्या वरून किंवा काखेतून जाऊन जादा बरगडी, तिच्या टोकाचा पट्टा, स्केलीन स्नायू आणि गरजेप्रमाणे पहिली बरगडी काढतात. छातीत हवा भरणं, श्वासाच्या पडद्याची नस दुखावणं, फरा बाहेर येणं, मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव, असे धोके आहेत. अनुभवी हातात ते कमी असतात. म्हणून सर्जनला स्पष्ट विचारा: तुम्ही हे वर्षातून किती करता, कोणत्या बाजूने जाणार, पहिली बरगडीही काढणार का, आणि माझ्या भावाच्या बाबतीत नेमकं काय सुधारेल असं वाटतं? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात तपासण्या सुरू करा, तिथून मुंबईला केईएम किंवा जे. जे.ला चिठ्ठी घेता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. नुसते रिपोर्ट नव्हे, एक्स-रे, एमआरआयच्या मूळ फिल्मही घेऊन जा. फिल्म बघूनच सर्जन ठरवतो.

आधी डॉप्लर आणि एनसीव्ही करून घ्या, आणि तळव्याचं मी लिहिलं ते आज संध्याकाळीच बघा. अंगठ्याचा उंचवटा बसलेला दिसला तर तीन महिने थांबण्याचा माझा सल्ला तुमच्या भावाला लागू नाही.