उरलेला भोपळ्याचा गर, घाऱ्या आणि मूठभर रवा

मुलीच्या केकसाठी लाल भोपळा उकडून मिक्सरमधून काढला, त्यातला निम्मा गर डब्यात उरलाय आणि घरात सूप कोणी तोंडात घेत नाही, आता या गराचं काय करू, असा तुमचा प्रश्न आहे. घाऱ्या करा. दुसरं काही शोधत बसूच नका.

पण घाऱ्या म्हटलं की कोणीतरी "त्यात थोडा रवा टाका, खुसखुशीत होतात" असं सांगायला येतंच. मी हे उत्तर लिहायला बसले ते त्यासाठीच.

माझं सासर अमळनेर तालुक्यातलं. पित्रांच्या जेवणात आमच्याकडे गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याचीच, भाजी लागतेच. खीर, कढी, उडदाचे वडे आणि गंगाफळ. सासऱ्यांच्या पित्राला धाब्यावरच्या, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावरच्या, वेलाचं एक भलंमोठं गंगाफळ उतरवलेलं होतं. सकाळी फोडी वाफवायला ठेवण्याचं काम मोठ्या जाऊबाईंकडे होतं. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ओट्यावर आलेल्या चुलत सासूबाईंशी बोलत बसल्या. बोलणं कोणाच्या तरी सोयरिकीचं होतं, म्हणजे लवकर संपणारं नव्हतं. मी झाकण काढलं तेव्हा आत फोडी नव्हत्याच, नुसता लगदा. भाजीसाठी उरलेलं अर्धं गंगाफळ नव्याने चिरावं लागलं. ते मीच चिरलं, हेही सांगून ठेवते.

आगारी पडली, म्हणजे पित्रांचा घास विस्तवावर दिला गेला, पंगती उठल्या, आणि लगद्याचं पातेलं तसंच कोपऱ्यात. जाऊबाई म्हणाल्या, "टाकी दे म्हैसले, आते कोन खाई हाई?" मी म्हटलं, अक्का, राहू द्या, नणंदबाई संध्याकाळी सुरतेला निघणार आहेत, त्यांच्या डब्याला घाऱ्या करते.

तुमच्या गरात आणि त्या लगद्यात फारसा फरक नाही, म्हणून मी काय केलं ते नीट वाचा. भोपळ्यात बहुतेक पाणीच असतं, आणि मिक्सरमधून काढताना वरून घातलं असेल तर बघायलाच नको. तो गर तसाच कणकेत घातला की पीठ खातच सुटतो. पीठ वाढलं की गोडी गेली, भोपळ्याचा वास गेला, आणि हातात राहते ती चिवट पुरी. म्हणून आधी आटवणं. लोखंडी कढई घ्या, चमचाभर तूप, मध्यम आच. सुरुवातीला गर फदफदतो आणि हातावर चटके उडवतो, तेव्हा लांब दांड्याचा झारा घ्या. हळूहळू रंग केशरीवरून तांबूस होत जातो. झारा बुडातून ओढला की मागे कढईचं बूड दिसलं पाहिजे, आणि ती रेघ लगेच भरून येता कामा नये. मग चिरलेला गूळ. गूळ पडला की सगळं पुन्हा पातळ होतं. इथे घाबरून पीठ घालणाऱ्या बायका मी पाहिल्यात. घालू नका. पुन्हा आटवा, गोळा कडा सोडेपर्यंत. चिमूटभर मीठ, वेलची, थोडं जायफळ. कोमट झाल्यावर मावेल तेवढी कणीक आणि कडकडीत तेलाचं मोहन. पाण्याचा थेंब नाही, दुधाचाही नाही. अंदाजाला वाटीभर दाट गराला पाऊण वाटी गूळ. भोपळा गोड असेल तर अर्धी पुरते.

हे सगळं मी करत होते. गोळा घट्ट झाला होता. तेलाचा डबा घ्यायला मी कोठीत गेले, परत येऊन बघते तर जाऊबाईंचा हात परातीत. मूठभर रवा टाकून मळतसुद्धा होत्या. शिवाय वर सुचवणं, की तळायला तेल कशाला, डालडा घे. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरातच वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण वनस्पतीत तळलेली घारी गार झाली की टाळूला चिकटते. मी शेंगदाण्याचं तेल घेतलं.

घाऱ्या टम्म फुगल्या. नणंदबाईंचा सुरतेहून निरोप आला की डबा दोन दिवसांत संपला, कशा केल्या ते कळवा. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, जाऊबाई सगळ्यांना सांगतात: "रवा माझा होता, म्हणून जमल्या." आणि लोक मान डोलावतात!

तर ऐका. त्यानंतर मी रव्याशिवाय कितीदा तरी केल्या आहेत आणि त्या तशाच फुगतात. खुसखुशीतपणा येतो मोहनाने आणि आटवण्याने. रव्याने घारी पहिल्या दिवशी कुरकुरीत लागते, दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच. मळलेला गोळाही फार वेळ ठेवायचा नाही, गुळाला पाणी सुटतं आणि तो सैल पडतो. तेल लावलेल्या केळीच्या पानावर बोटांनी जाडसर थापा, लाटून पातळ करू नका. आच मध्यम, नाहीतर गूळ करपून घाऱ्या बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या.

गोड नको असेल तर कळण्याच्या पिठाची थालीपिठं लावा. कळणा म्हणजे ज्वारी आणि काळे उडीद मीठ घालून एकत्र दळलेले, साधारण चारास एक. त्यात गर, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, तीळ. सोबत शेंगदाण्याची चटणी. यासाठी गर आटवायची गरज नाही, पीठ गरातच भिजवायचं. दही घालून भरीतही होतं: मोहरी-हिंगाची फोडणी, मिरची, कूट, कोथिंबीर, झालं. काळ्या मसाल्याच्या रश्शात मात्र हा गर ढकलू नका. रस्सा दाट होतो असं सांगणारे असतात, पण तो गुळमट होतो आणि मसाला फुकट जातो. मेथीदाण्याच्या फोडणीची गंगाफळाची भाजी सालासकट फोडींचीच चांगली, गराची करू नये.

आता थोडं आधी सांगायला हवं होतं ते. गर अगदीच पाणीदार असेल आणि आटवायला वेळ नसेल तर फडक्यात बांधून टांगून ठेवा, निथळलेलं पाणी वरणात घाला. तरीही सैल वाटलाच तर दोन चमचे तांदळाची पिठी चालेल. बरं, रवाही चालेल. केकच्या गरात साखर आधीच घातली असेल तर गूळ निम्मा करा. घरात कोणाला मधुमेह असेल तर घाऱ्या त्यांच्यापासून लांब ठेवा आणि भरीत वाढा. अख्खं गंगाफळ महिनोन्‌महिने टिकतं म्हणून गरही टिकेल असं समजू नका. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. आंबूस वास आला असेल तर मात्र जाऊबाईंचंच ऐका, म्हशीला टाका. खीर करणार असाल तर गूळ गॅस बंद केल्यावर, दूध निवल्यावर घाला. उकळत्या दुधात घातलात तर फाटेल, आणि मग त्याचा कलाकंद करायचा का, हा वेगळा प्रश्न टाका.