हातचा एक कुठे गेला?

‘ताई, पाच महिन्यांपूर्वी दोन्ही मुलांची नावं शाळेतून काढली, होमस्कूलिंग करायला, म्हणजे घरीच शिकवायला. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सात. माझी नोकरी घरून आहे, पण पूर्ण वेळ. नवरा रोज ऑफिसला जातो. सकाळी आठला लॅपटॉप उघडते तो रात्री नऊला मिटते आणि मध्ये कुठेतरी शिकवते. ना कामात लक्ष, ना मुलांत. गेल्या आठवड्यात मॅनेजरनं विचारलं, “सगळं ठीक आहे ना?” नोकरी सोडू की मुलांना परत शाळेत घालू?’
– एक वाचक, न्यूयॉर्क राज्य

सहा आठवडे यातलं काहीच करू नका. इतकं दमल्यावर माणूस जे ठरवतो ते बहुतेक वेळा फक्त झोपेसाठी असतं.

तुमच्या पत्रात ‘मध्ये कुठेतरी शिकवते’ या तीन शब्दांपाशी मी अडखळले. मीही चार वर्षं हे केलंय, हिशेबतपासणीची नोकरी सांभाळून, आणि पहिलं वर्ष असंच ‘मध्ये कुठेतरी’ गेलं. एका मंगळवारी कॉल चालू होता. लेक शेजारी वही घेऊन बसलेली. २७ अधिक ३५. तिनं उत्तर लिहिलं ५२. मी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, ‘अगं, सात नि पाच बारा, दोन लिहिलेस, मग हातचा एक कुठे गेला?’ माइक चालू होता. दहा-बारा जण गप्प. मग टीममधल्या एका मराठी मुलानं चॅटमध्ये लिहिलं, ‘मॅडम, सापडला का हातचा?’ हसण्यावारी गेलं, पण त्या दिवशी पाठवलेल्या तक्त्यात माझा एक अख्खा रकाना चुकला होता, आणि लेकीला हातचा कळायला आणखी तीन दिवस लागले. एका तासात दोन कामं उरकली खरी, पण दोन्ही परत करावी लागली.

म्हणून पहिली गोष्ट ही ठरवा: ज्या तासात पगार मिळतो त्या तासात शिकवायचं नाही. मुलं घरात असतील, त्यांचं त्यांचं काहीतरी करत असतील, पण त्या वेळी तुम्ही त्यांच्या बाई नाही.

लगेच तुम्ही म्हणाल, मग शिकवायचं कधी? तुमच्या राज्यात पहिली ते सहावीला वर्षाला ९०० तास लागतात. लोक याला शाळेच्या १८० दिवसांनी भागतात, रोजचे पाच तास येतात आणि छातीत धस्स होतं. पण तुमचं शैक्षणिक वर्ष १ जुलै ते ३० जून असं मोजलं जातं, आणि घरच्या अभ्यासाला उन्हाळ्याची दोन महिने सुट्टी हवीच असं कुणी सांगितलंय? वर्षातले ४८ आठवडे धरा. आठवड्याला पावणेएकोणीस तास होतात. शिवाय राज्यानं ठरवलेल्या विषयांच्या यादीत गणित, वाचन, शुद्धलेखन यांच्या जोडीला संगीत, चित्रकला, आरोग्य आणि व्यायामही आहे. पोहण्याचा क्लास हा अभ्यासच आहे, तो बिनदिक्कत नोंदवा.

माझ्या डोळ्यासमोर तुमचा आठवडा असा येतो. सकाळी पावणेसात ते आठ, तुम्ही. आधी मुलीबरोबर गणित आणि वाचन, तेव्हा मुलगा त्याचं त्याचं लिहितो; मग अदलाबदल. दिवसभरात कधीतरी आणखी सव्वा तास दोघांचं स्वतःचं काम: वाचन, सराव, नकाशे भरणं. हे पाच दिवस, म्हणजे साडेबारा तास. संध्याकाळी चार दिवस पाऊण तास वडील. शनिवारी तीन तास वाचनालय, प्रयोग, चित्रं, जे असेल ते. झाले साडेअठरा. पोहणं मोजलं की वरच जाल.

इतक्यात होतं का खरंच? समोरासमोर बसून एका मुलाला शिकवायला वर्गाइतका वेळ लागत नाही. हजेरी नाही, रांगा नाहीत, पंचवीस जणांच्या वह्या गोळा होईपर्यंत थांबणं नाही. सात वर्षांच्या मुलीला रोज चाळीस मिनिटं कुणी नीट, अखंड शिकवत असेल तर ती मागे पडणार नाही. अखंड हा शब्द मात्र महत्त्वाचा. फोन दुसऱ्या खोलीत.

आता त्या पाऊण तासाबद्दल. पत्रात नवऱ्याचा उल्लेख एका ओळीत आहे आणि त्या ओळीत तो ऑफिसला जातो, एवढंच. ‘तो मदत करतो’ असं पुढच्या पत्रात लिहिणार असाल तर लिहू नका. मदत नको, विषय द्या. विज्ञान त्याचं म्हणजे पुस्तक निवडण्यापासून ते दर तीन महिन्यांनी सरकारी शाळा-कार्यालयाला द्यायच्या तिमाही अहवालात विज्ञानाच्या चार ओळी लिहिण्यापर्यंत सगळं त्याचं. आमच्याकडे हे झालं तेव्हा पहिला महिना फार वाईट गेला. माझा नवरा वेगळ्याच क्रमानं शिकवायचा, मी दारात उभी राहून दुरुस्त्या करायची, मुलं माझ्याकडे बघायची. शेवटी त्या वेळात मी घराबाहेर फिरायला जायला लागले. मग जमलं.

दिवसाचा प्रश्न मोठा, कारण सात वर्षांची मुलगी आठ तास आपलं आपण काढू शकत नाही. ज्या दिवशी मीटिंगांची रांग असेल त्या दिवसांसाठी पैसे देऊन कुणीतरी बोलवा, आठवड्यातून दोन दुपारी तरी. घरून काम करणाऱ्या बाईला मूल सांभाळायला माणूस कशाला, असं बोलणाऱ्यांनी तुमचं एकदा वेळापत्रक पाहावं. आजी-आजोबा आले तर आनंदच आहे, पण ते बहुतेक सहा महिन्यांसाठी येतात. वर्षाचं नियोजन त्यांच्या परतीच्या तिकिटावर बांधू नका.

ते तिकडे असतानाच त्यांचा जास्त उपयोग होतो, हे मला उशिरा सुचलं. भारतात संध्याकाळचे साडेसात म्हणजे तुमच्याकडे सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. आजीचं सगळं आवरून ती निवांत बसलेली असते आणि तुमची सकाळची मीटिंग चालू असते. वीस मिनिटं व्हिडिओ कॉलवर नात मराठी पुस्तक वाचून दाखवते, आजी चुका काढते. आमच्या लेकीचं ‘ळ’ आणि ‘ल’ असंच सुटं झालं. मी दोन वर्षं ओरडून जे झालं नव्हतं ते.

मॅनेजरला काय सांगायचं? होमस्कूलिंगची कहाणी सांगू नका. ‘सव्वाआठ ते साडेचार मी पूर्ण उपलब्ध आहे, दुपारी बारा ते पाऊण जेवणाची सुट्टी’ असं लिहून द्या आणि पाळा. त्यांना तुमच्या घराची काळजी नाही, अनिश्चिततेची आहे. ब्रिटनमधल्या वाचकांना हे सोपं आहे: ६ एप्रिल २०२४ पासून तिथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागायचा कायदेशीर हक्क आहे आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. होकारच मिळेल असं नाही, पण कारण द्यावं लागतं.

कायद्याचं बोलतोच आहोत तर बाकीच्यांसाठी. एका देशातल्या मैत्रिणीचा सल्ला दुसऱ्या देशात वापरू नका. टेक्ससमध्ये होमस्कूलिंग करतो हे सरकारला कळवावंही लागत नाही. कॅलिफोर्नियात बरेच जण १ ते १५ ऑक्टोबरदरम्यान खासगी शाळा म्हणून प्रतिज्ञापत्र भरतात. इंग्लंडमध्ये १९९६च्या शिक्षण कायद्याच्या सातव्या कलमात शाळेत ‘किंवा अन्यथा’ शिकवण्याची मुभा आहे. जर्मनीत मात्र शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं २००६ साली घरी शिकवू मागणाऱ्या पालकांचं म्हणणं ऐकलं नाही. तिकडे बदली होणार असेल तर नोकरीचा करार सही करण्याआधी हा विचार करा.

आणखी एक, अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्यांसाठी. स्वतःच्या मुलांना शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण चार घरांनी मिळून गट केला, त्यात तुम्ही सगळ्यांना गणित शिकवता आणि प्रत्येक घर तुम्हाला महिन्याला काही देतं, तर ती कमाई झाली. त्यासाठी कामाचा परवाना हवा, आणि तो एच-फोरवरच्या सगळ्यांना मिळत नाही. गट करा, पैशांचं नातं नको.

भारतात परत जायचं झालं तर काय, हे अजून तुम्ही विचारलं नाहीत, पण अकरा वर्षांचा मुलगा आहे म्हणजे विचाराल. आपल्या डोक्यात बाहेरून परीक्षा म्हणजे महाराष्ट्र बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म. त्याखेरीज एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. दहावीसाठी वयाची किमान अट १४ आहे. तीन वर्षं आहेत हातात.

राहिला शाळेत परत घालण्याचा प्रश्न. सहा आठवडे ही घडी बसवून पाहिली आणि तरी रात्री नऊलाच लॅपटॉप मिटत असेल तर घाला, एकालाच घालायचं असेल तर एकाला घाला. आमच्याकडे धाकटा चौथीत परत गेला आणि खूश होता, मोठी राहिली. कोणत्या वर्गात बसवायचं ते शाळा ठरवेल, आणि तेव्हा पुढे ठेवायला तुमचे तिमाही अहवालच असतील. पाच महिने झाले म्हणजे दुसरा अहवाल एव्हाना द्यायला आला असेल. या रविवारी बसा आणि विज्ञानाच्या चार ओळी नवऱ्याला लिहू द्या.