बागकाम : वाचकांचे प्रश्न – छोट्या बागेतील जपानी मेपल

परदेशात स्थायिक झालेल्या वाचकांच्या पत्रांत जपानी मेपलची चौकशी सातत्याने होत असते. लहान जागेत मावणारे आणि ऋतूगणिक रूप पालटणारे झाड म्हणून ही निवड योग्यच आहे. मात्र तक्रारीची पत्रे लागवडीनंतर दोन-तीन वर्षांनी येतात आणि तक्रारीचे कारण बहुधा लागवडीच्या दिवशीच घडलेले असते. त्यामुळे या अंकात निवडक प्रश्नांची उत्तरे थोडी विस्ताराने देत आहोत.

प्रश्न : इंग्लंडमध्ये रेडिंग येथे आम्ही नुकतेच घर घेतले आहे. मागची बाग सुमारे सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद आहे. माती चिकट असून नैर्ऋत्येकडून सतत वारा येतो. लाल पानांचा जपानी मेपल लावण्याची इच्छा आहे. कोणता वाण घ्यावा आणि तो कोठे लावावा?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : वाणाचा विचार नंतर करावा, आधी जागा ठरवावी. एसर पाल्मेटम हे या झाडाचे शास्त्रीय नाव. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी नागासाकीजवळच्या डेजिमा बेटावरून परतल्यावर १७८४ साली ते प्रसिद्ध केले. जपान आणि कोरियाच्या डोंगरउतारांवर हे झाड उंच वृक्षांच्या आश्रयाने, फांद्यांतून झिरपणाऱ्या उन्हात आणि पालापाचोळा कुजून झालेल्या भुसभुशीत मातीत वाढते. त्याला काय मानवते आणि काय मानवत नाही, याचा उलगडा या एवढ्या माहितीवरून होतो.

रेडिंगमध्ये उन्हाचा त्रास फारसा नाही, खरा शत्रू वारा आहे. पाने कागदासारखी पातळ असल्याने, मुळे पाणी पुरवू शकतील त्याहून लवकर ती वाऱ्याने सुकतात. म्हणून घराच्या किंवा कुंपणाच्या आडोशाची, पण सकाळचे किंवा दुपार कलल्यानंतरचे तीन-चार तासांचे ऊन मिळणारी जागा निवडावी. लाल वाण गर्द सावलीत लावल्यास पानांचा रंग हिरवट-तपकिरी होतो आणि मग नर्सरीने फसवले असे वाटू लागते. बागेचा सर्वांत सखल कोपराही टाळावा, कारण रात्रीची थंड हवा तेथे साचते आणि एप्रिल-मेमध्ये उशिरा पडलेल्या दहिवराने कोवळी पालवी एका रात्रीत काळी पडते.

सरळ वाढणाऱ्या लाल वाणांत ‘ब्लडगुड’ हा भरवशाचा आहे. तो कालांतराने पंधरा फुटांच्या आसपास जातो, त्यामुळे भिंतीपासून किमान दोन मीटर अंतर ठेवावे. त्याहून लहान झाड हवे असल्यास बारीक चिरलेल्या पानांचे, छत्रीसारखे खाली झुकणारे ‘क्रिमसन क्वीन’ किंवा ‘तामुकेयामा’ हे वाण पाहावेत. ते उंचीपेक्षा रुंदीला अधिक वाढतात. लाल पानांचा आग्रह थोडा बाजूला ठेवण्याची तयारी असेल, तर ‘संगो काकू’चाही विचार करावा. त्याची पाने हिरवी असतात आणि शरद ऋतूत पिवळी होतात, परंतु पानगळीनंतर कोवळ्या फांद्या पोवळ्याच्या रंगाच्या दिसतात. इंग्लंडच्या करड्या जानेवारीत खिडकीतून रोज दिसणारे एकच झाड लावायचे असेल, तर आमचे मत त्याच्याच बाजूने पडेल.

आता चिकट मातीविषयी. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा, पाणी मुरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी सकाळपर्यंत तसेच राहिले, तर त्या जागी खड्ड्यात लागवड करू नये. आसपासच्या मातीचाच वीतभर उंच, पसरट उंचवटा करून त्यावर झाड लावावे. निचरा ठीक असल्यास खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा, पण गोळ्यापेक्षा खोल मुळीच नको. खड्ड्यात भरपूर कंपोस्ट भरण्याचा मोह आवरावा. चिकट मातीतला मऊ कंपोस्टचा खड्डा पावसाळी हवेत हौदासारखा भरतो आणि मुळे त्यात कुजतात. कंपोस्ट घालायचेच असेल, तर ते वरून पसरावे.

येथे आपल्याकडची एक सवय आड येते. झाड लावले की आळे करायचे आणि बुंध्याला मातीची भर द्यायची, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. आंब्या-पेरूच्या बाबतीत त्यातून फारसे बिघडत नसले, तरी मेपलच्या बुंध्याला भर देऊ नये. खोड जेथे रुंदावून मुळांत विभागते, तो भाग मातीच्या वर उघडा दिसला पाहिजे. कुंडीत वाढवलेल्या रोपात हा भाग अनेकदा आधीच दोन-तीन इंच मातीखाली गेलेला असतो. लागवडीपूर्वी वरची माती बोटांनी बाजूला करून तो शोधून काढावा.

प्रश्न : जुलै सुरू झाला की आमच्या मेपलच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. रोज संध्याकाळी दहा मिनिटे पाइपने पाणी देतो, जूनमध्ये खतही दिले. लँडस्केपिंगवाल्यांनी बुंध्याभोवती लाकडी भुशाचा मोठा ढीग घातला आहे. हा एखादा रोग आहे का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : वर्णनावरून हा रोग दिसत नाही. पानाच्या मध्यभागी डाग नसून कडांपासून आत तपकिरीपणा सरकत असेल, तर पानाच्या टोकापर्यंत पाणी पोहोचत नाही असे समजावे. रोज पाणी देऊनही पाणी पोहोचत नाही, कारण दहा मिनिटांच्या शिडकाव्याने मातीचा वरचा इंचभर थरच ओला होतो. मेपलची मुळे उथळ असतात हे खरे, पण इतकीही उथळ नसतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा पाइपची धार अगदी बारीक ठेवून, फांद्यांच्या घेराखाली जागा बदलत, अर्धा-पाऊण तास पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी खुरपीने चार इंच माती उकरून हाताने पाहावी. ती ओलसर लागली तर पाणी पुरेसे झाले, चिखल लागला तर जास्त झाले.

तो ढीग मात्र याच रविवारी हटवावा. अमेरिकेच्या उपनगरांत ज्वालामुखीसारखे हे ढीग जागोजागी दिसतात आणि नीटनेटकेपणाचे लक्षण मानले जातात. सालीला सतत ओल लागल्याने ती कुजते, उंदीर-घुशींना आसरा मिळतो आणि ढिगात फुटलेली मुळे खोडाभोवती गुंडाळत जाऊन पुढे त्यालाच आवळतात. भुसा हाताने मागे ओढून खोडाभोवती वीतभर जागा मोकळी करावी आणि उरलेला भुसा दोन ते तीन इंच जाडीने बाहेरच्या बाजूस पसरावा. आच्छादनाचा उपयोग तेथे होतो. ढीग काढताना खोडाला लपेटलेली पेन्सिलएवढी मुळे दिसल्यास ती पानगळीनंतर कापून टाकावीत.

खत यंदा पुन्हा देऊ नये. उन्हाळ्यात दिलेल्या रासायनिक खताचे क्षार कोरड्या मातीत साचले, तर पानांच्या कडा अशाच करपतात. पुढच्या वर्षी पालवी फुटण्यापूर्वी हळूहळू विरघळणारे खत पाकिटावरील मात्रेच्या निम्मे दिले तरी पुरे. आच्छादन दरवर्षी कुजत असेल, तर तेही लागणार नाही. करपलेली पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, पण ती तोडूही नयेत, कारण त्यांचा हिरवा भाग अजून झाडासाठी अन्न तयार करत असतो.

पानांच्या शिरा शाबूत राहून मधला भाग जाळीसारखा खाल्लेला दिसला, तर तो जपानी भुंग्याचा उद्योग समजावा. हिरव्या डोक्याचा, तांबूस पाठीचा हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा आढळला तो १९१६ साली, आपल्याच न्यू जर्सी राज्यातील रिव्हर्टन येथे. सकाळच्या गारव्यात हे भुंगे सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचे भांडे खाली धरून फांदी हलवली की ते त्यात पडतात.

प्रश्न : टोरांटोजवळ आमचे टाउनहाउस आहे. जागा नसल्याने मेपल मोठ्या कुंडीत लावला आहे. हिवाळ्यात तो घरात आणावा का?
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : दिवाणखान्यात आणू नये. या झाडाला थंडीतील विश्रांती आवश्यक असते. उबदार खोलीत ते अवेळी पालवते आणि अशक्त होते. मात्र कुंडी बाहेर उघड्यावरही ठेवता येणार नाही. जमिनीतील झाडाच्या फांद्या उणे पंचवीस अंशांपर्यंतची थंडी सोसतात, परंतु मुळे सुमारे उणे दहा अंशांनाच दगावतात. जमिनीत मुळांना मातीचे पांघरूण असते, कुंडीत चारही बाजूंनी गारठा शिरतो. पाने गळून गेल्यावर कुंडी न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवावी आणि माती अगदी कोरडी पडू नये म्हणून महिन्यातून एकदा थोडे पाणी द्यावे. पाने नसल्याने तेथे उजेड नसला तरी चालतो. वसंत ऋतूत फांद्यांवरचे डोळे (पालवीचे कोंब) फुगू लागण्यापूर्वी कुंडी बाहेर काढावी, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच सुमारास झाड उपसून कडेने गोल फिरलेली मुळे कापावीत व माती बदलावी. कुंडीच्या छिद्राखाली बशी ठेवण्याची पद्धत येथे नको.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये क्योटोला गेलो असताना तोफुकुजी मंदिराच्या पुलावरून पाहिलेला मेपलचा रंग डोळ्यांसमोरून हलत नाही. सिअॅटलमधील आमच्या झाडाला तसा रंग का येत नाही?
– एक वाचक, सिअॅटल

उत्तर : क्योटोत लाल दिसलेली कितीतरी झाडे उन्हाळ्यात साधी हिरवी असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की पानांतील हरितद्रव्य मोडते, आणि त्याच काळात पानांत साठलेल्या शर्करेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा, पण पाणी गोठण्याइतका नव्हे, अशी हवा लाभली की रंग उत्तम चढतो. सिअॅटलमध्ये ऑक्टोबरपासून ढगाळ पाऊस सुरू होतो, त्याला इलाज नाही. आपल्या हाती तीन गोष्टी आहेत. झाडाला अर्धा दिवस तरी ऊन मिळावे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नत्रयुक्त खत देऊ नये, आणि त्यात शेजारच्या हिरवळीवर (लॉनवर) टाकलेले खतही आले. कोरड्या ऑगस्टमध्ये पाणी तोडू नये, नाहीतर पाने रंगण्यापूर्वीच वाळून गळतात. नवे झाड घेणार असाल, तर ‘ओसाकाझुकी’ घ्यावे. उन्हाळाभर ते चारचौघांसारखे हिरवे राहते, म्हणून नर्सरीत त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. शरद ऋतूत मात्र त्याच्या किरमिजी रंगाची बरोबरी करणारे वाण थोडेच आहेत.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या निळ्या जपानी मेपलच्या बिया फ्रिजमध्ये ठेवून उगवल्या. रोपे वीतभर झाली, पण एप्रिलमध्ये सगळी वाळली. पुण्यात हे झाड कसे जगवावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : निळ्या पानांचा जपानी मेपल अस्तित्वातच नाही, जाहिरातीतील छायाचित्र संगणकावर रंगवलेले असते. शिवाय नावाजलेले वाण बियांपासून तसेच्या तसे येत नाहीत, ते कलमानेच वाढवावे लागतात. फ्रिजमधील तीन-चार महिन्यांच्या ओलसर थंडीने बियांची सुप्तावस्था मोडली, हे आपण बरोबर केले. परंतु तशीच कित्येक आठवड्यांची सलग थंडी वाढत्या झाडालाही दर हिवाळ्यात हवी असते. पुण्यात जानेवारीतील पहाट कितीही बोचरी असली, तरी दुपारी पारा तिशीजवळ जातो आणि एप्रिलमध्ये चाळिशी गाठतो. महाबळेश्वरला उन्हाळा सौम्य असला, तरी हिवाळ्याची उणीव तेथेही राहतेच, आणि वर तेथील पावसात मुळे कुजण्याचा धोका. रोपांवर एसी लावणे हा उपाय नव्हे. कुंडीत लाल पाने हवी असतील तर अकॅलिफा पुण्याच्या हवेत सुखाने वाढते, बोन्सायची हौस असेल तर उंबर किंवा पिंपरण घ्यावी. आणि लाल पालवीचे मोठे झाड पाहायचे असेल तर मार्चमध्ये सह्याद्रीच्या घाटांत फिरताना कुसुंब ओळखायला शिकावे. त्या दिवसांत त्याच्याकडे पाहिल्यावर मेपलची हळहळ पुष्कळ कमी होईल.

प्रश्न : आठ वर्षांच्या मेपलची एका बाजूची फांदी भर जूनमध्ये आठवडाभरात सुकली. बाकीचे झाड ठणठणीत आहे. औषध सुचवावे.
– एक वाचक, स्लाउ, इंग्लंड

उत्तर : सुकलेली फांदी तिरपी कापून आतले लाकूड पाहावे. सालीखालच्या लाकडात काळपट-हिरवट किंवा तपकिरी रेघा अथवा ठिपक्यांचे कडे दिसले, तर हा व्हर्टिसिलियम बुरशीचा मर रोग असण्याची दाट शक्यता आहे. ही बुरशी मातीतून मुळांवाटे शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडते, म्हणून झाड एकेका बाजूने वाळते. यावर खात्रीचे औषध नाही, आणि कोणी विकत असेल तर पैसे वाचवावेत. रोगट फांदी निरोगी लाकडापर्यंत कापावी, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी आणि त्या फांदीचा भुसा करून बागेत पसरू नये. पाण्याची आबाळ होऊ दिली नाही, तर काही झाडे अशा अवस्थेतूनही कित्येक वर्षे निभावतात. झाड गेलेच, तर त्याच जागी पुन्हा मेपल लावू नये. भूर्ज किंवा सूचिपर्णी झाड लावावे, त्यांना हा रोग होत नाही. लाकूड आतून स्वच्छ निघाले, तर त्याच बाजूच्या मुळांना खोदकामाने इजा झाली आहे का ते तपासावे.

प्रश्न : लाल मेपलच्या बुडातून हिरव्या पानांची जोमदार फांदी आली आहे. ठेवावी का? आणि छाटणी केव्हा करावी?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : ती फांदी कलमाखालच्या खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर लाल वाणाचे कलम बांधले त्याची आहे. ठेवल्यास काही वर्षांत ती लाल झाडावर मात करील, म्हणून ती जेथून निघाली तेथपर्यंत माती उकरून मुळापासून काढावी. वरवर कापल्यास तिच्या जागी चार फुटतात. एरवीची छाटणी पाने गळल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उरकावी, कारण त्यानंतर रस चढू लागतो आणि काप पाझरत राहतात. डोळे समोरासमोर जोडीने असतात, तेव्हा काप जोडीच्या किंचित वर घ्यावा, आणि एका वर्षात झाडाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक काढू नये.