वाडा पाडू नका, आधी सिमेंट उतरवा

प्रश्न: नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याचा तळमजला काळ्या दगडाचा, वरचा मजला विटांचा आहे. सहा वर्षांपूर्वी खालच्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा केला. आता छातीपर्यंत ओल चढते, रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरी भुकटी पडते. ठेकेदार म्हणतो, केमिकल मारून टाइल्स बसवू. धाकटा भाऊ म्हणतो, पाडूनच टाका. काय करावं?

उत्तर: पाडू नका, आणि टाइल्स तर मुळीच नकोत. आपला काळा दगड फारसं पाणी पीत नाही. जमिनीतली ओल चढते ती दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून, आणि तिथूनच हवेत निघून जाते. सिमेंटने ती वाट बुजली, म्हणून ओल वर वर सरकली. पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाइल्स लावल्यात तर ओल आणखी वर, विटांपर्यंत पोचेल.

माझ्या आजोळच्या वाड्यात हेच झालं होतं. गिलावा उतरवून दरजेत बोट घातलं, तर चुना ओल्या मातीसारखा हाताला आला. दगड मात्र जागचा हललेला नव्हता. पाथरवटाच्या टाकीचे तिरपे घाव काल घातल्यासारखे स्पष्ट दिसत होते. त्या घावांवरून हात फिरवल्यापासून असा दगड सिमेंटखाली गेलेला मला बघवत नाही.

आधी पन्हळ आणि न्हाणीघराचे नळ तपासा. मग दिवाळीनंतर हलक्या हाताने, छिन्नीने गिलावा काढा. ब्रेकर लावू देऊ नका. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, नाहीतर क्षार परत आत जातात. भिंत दोन-तीन महिने उघडी वाळू द्या. त्यानंतर दरजा इंचभर खरवडून, नीट भिजवून मुरवलेल्या एक भाग चुन्यात तीन भाग वाळू मिसळून भरा. आठवडाभर ओलं गोणपाट धरा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो.

भिंतीत शिरलेल्या सागवानी तुळयांची टोकं जरूर ठोकून बघा. आवाज बद्द आला, तर वास्तुवारसा जाणणाऱ्या अभियंत्याला लगेच बोलवा. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर कामाआधी परवानगी घ्या.

पुढच्या पावसाळ्यात भिंत थोडी ओलसर दिसेल, घाबरू नका. कपाटं तेवढी वीतभर पुढे ओढून ठेवा.