पान्ना कोत्ता, क्रेमा आणि आपलं कस्टर्ड

प्रश्न असा आहे: 'पनाकोटा' (क्रीमचा इटालियन गोड पदार्थ) मराठीत नीट कसं लिहायचं, आणि घरी केल्यावर त्याला 'इटालियन कस्टर्ड' म्हटलं तर चालेल का?

आधी कस्टर्डचं बघू, गोंधळ तिथेच जास्त आहे. नाही चालणार. मूळ कस्टर्ड दाट होतं ते अंड्याच्या बलकाने. आपल्याकडे कस्टर्ड म्हणजे डब्यातली पिवळी पावडर, तिच्यात अंडं नसतं, कॉर्नफ्लोअर असतं. (बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने 1837 मध्ये ती तयार केली, बायकोला अंडं सोसत नसे म्हणून.) पान्ना कोत्तात बलकही नाही आणि कॉर्नफ्लोअरही नाही. अर्धा लिटर क्रीम, 80 ग्रॅम साखर, व्हॅनिला आणि 8 ग्रॅमच्या आसपास जिलेटिन, एवढाच कारभार. वाटी ताटलीत उपडी केली की खरवसासारखा थरथरतो, पण खरवस चिकातल्या प्रथिनांमुळे आपला आपण धरतो, याला जिलेटिनचा टेकू लागतो.

इटालियनमध्ये कस्टर्डला म्हणतात 'क्रेमा', आणि फसगत होते ती इथे. 'क्रेमा पास्तिचेरा' म्हणजे बलक, दूध, साखर आणि थोडं पीठ घोटून केलेलं दाट कस्टर्ड. आपण ज्याला क्रीम म्हणतो ती त्यांची 'पान्ना'. म्हणून इटालियन कृतीत 'क्रेमा' दिसलं की क्रीमचा डबा फोडायचा नाही, अंडी फोडायची! घरी करायला सोपं, अस्सल इटालियन कस्टर्डच हवं असेल तर 'झाबायोने' करा: बलक, साखर आणि मार्साला वाइन वाफेवर फेटत राहायचं, फेसाळून दाट होईपर्यंत.

'कोत्ता' म्हणजे शिजवलेली. टेराकोटा ही भाजलेली माती, रिकोत्ता हे पुन्हा शिजवलेलं चीज, सगळीकडे तोच शब्द. लॅटिनमधलं त्याचं मूळ आणि आपलं 'पक्व' एकाच आदिम धातूतून आले आहेत, त्यामुळे पक्का, पिकणं आणि स्वयंपाकातला पाक हे कोत्ताचे लांबचे भाऊबंद. म्हणून काही 'शिजवलेली साय' असं भाषांतर करायला जाऊ नये. आपली साय तापवलेल्या दुधावरचीच असते, ती पुन्हा काय शिजवायची? शिवाय साठवलेली साय घातलीत तर तुपकट कण तोंडात येतील.

आता लेखन. इटालियन त दंत्य आहे, ट इंग्रजीमार्गे आला. जोडाक्षरही सोडू नये: त्यांच्याकडे 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेन्ना' म्हणजे लेखणी, आपल्या गडी-गड्डीइतका फरक. 'पन्ना' लिहिलं तर आपण पाचू वाचतो. तेव्हा 'पान्ना कोत्ता'.

लिंग? इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, पण पिझ्झाही तिकडे स्त्रीलिंगीच आहे आणि आपण त्याला बिनदिक्कत 'तो' केला. आकारान्त म्हणून हाही 'तो'च. सामान्यरूप मात्र 'कोत्त्याचा' करू नका, कानाला ते कोथळ्याच्या जवळ जातं.

शाकाहारी मंडळींसाठी एक: जिलेटिनच्या पातळ पानांना इटालियन लोक 'कोल्ला दि पेशे' म्हणतात, म्हणजे शब्दशः माशाचा सरस. आज ती मासळीची नसतात, बहुतेक डुकराच्या कातडीची असतात. त्याऐवजी चायना ग्रास चालेल, पण जिलेटिन गरम क्रीममध्ये नुसतं विरघळवायचं असतं, चायना ग्रासला चांगली उकळी लागते.