फिलिपिन्सच्या लोकांना बॉक्सिंग आणि बास्केटबॉलचं इतकं वेड का आहे?

बास्केटबॉल तिथे अमेरिकी राजवटीत शाळांमधून आला आणि गल्लीबोळात मुरला. रिंग टांगायला भिंत किंवा नारळाचं झाड पुरतं, पायात चपला असल्या तरी खेळ रंगतो. 1954 च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्य जिंकलं. 1975 साली सुरू झालेली पीबीए (फिलिपिन्स बास्केटबॉल असोसिएशन) ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. बारांगाय जिनेब्रा हा तिथला सर्वांत लाडका संघ. 2023 च्या विश्वचषकात फिलिपिन्सच्या सलामीच्या सामन्याला 38,115 प्रेक्षक होते, हा स्पर्धेचा विक्रम आहे! त्याच वर्षी 61 वर्षांनी एशियाडचं सुवर्णही आलं.

बॉक्सिंगचं वेड मात्र मला जास्त भावतं, कारण त्यामागे भूक आहे. मॅनी पॅकियाओ कमालीच्या गरिबीतून वर आला आणि आठ वजनी गटांत विश्वविजेता झाला. जगात दुसऱ्या कुणालाही हे जमलेलं नाही. त्याची लढत असली की मनिलाचे रस्ते ओस पडायचे, बारांगायच्या (म्हणजे वस्तीपातळीवरच्या स्थानिक प्रशासनाच्या) सभागृहात पडदा लावून सगळी वस्ती एकत्र बघायची. आणि हाच पॅकियाओ बास्केटबॉलवेडाही, इतका की 2014 मध्ये तो पीबीएमध्ये स्वतः खेळला.

अली-फ्रेझरची 1975 ची गाजलेली लढतही मनिला महानगरातल्याच अरानेटा कोलिझियममध्ये झाली. पीबीएचे सामने आजही तिथे होतात. कधी गेलात तर जिनेब्राचा सामना चुकवू नका.